नॅथॅनिएल हॉथॉर्न : पूर्वजांच्या दोषाचा वारस

मनुष्यास आपल्या वाडवडिलांकडून नाना प्रकारचा वारसा मिळतो. कोणास घरदार मिळते, कोणास शेतीवाडी मिळते, कोणास नुसते कर्ज मिळते. आणि ज्यास यांपैकी काहीच मिळत नाही, त्यास निदान कुळाचे नाव तरी मिळतेच. परंतु वडिलांच्या पापाचा वारसा कोणी आपण होऊन मागून घेत नाही. पूर्वजांच्या पराक्रमाची गोष्ट निघाली म्हणजे ती आपण आपली म्हणून सांगतो, आणि त्यांच्या अपराधाची निघाली म्हणजे तो काळच तसा होता, असे म्हणून मोकळे होतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत असा एक ग्रंथकार होऊन गेला की, ज्याने आपल्या कुळाचा दोष आपला म्हणून पत्करला, आयुष्यभर त्याचे चिंतन केले, आणि पाप, मनाची टोचणी व लोकलज्जा या विषयांवर इंग्रजी भाषेतील काही उत्तम कथा लिहिल्या. त्याचे नाव नॅथॅनिएल हॉथॉर्न. आमच्या लहान विद्यार्थ्यांसही तो अगदीच अपरिचित नाही. मिडास राजाच्या स्पर्शाने त्याची लाडकी मुलगी सोन्याची झाली, हा जो भाग आपण बालपणी ऐकतो, तो प्राचीन ग्रीक कथेत नाही. हॉथॉर्नने ती कथा मुलांकरिता लिहिली तेव्हा त्याने तो तीत घातला.

हॉथॉर्नचा जन्म ता. ४ जुलै १८०४ रोजी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स संस्थानात सालेम या बंदराच्या गावी झाला. त्या काळी सालेमची गलबते हिंदुस्थान, चीन व पूर्वेकडील बेटे येथवर व्यापारास जात. त्याचा बाप अशाच एका जहाजाचा कप्तान होता. इ. स. १८०८ मध्ये दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम येथे तो तापाने मरण पावला. तेव्हा नॅथॅनिएल चार वर्षांचाही झाला नव्हता. विधवा आई आपली तीन मुले घेऊन माहेरी आली, आणि मामांच्या आश्रयाने ती मुले वाढली. नॅथॅनिएल नऊ वर्षांचा असता चेंडू खेळताना त्याच्या पायास दुखापत झाली व पुढे पुष्कळ दिवस त्यास कुबड्या घेऊन वावरावे लागले. सवंगडी मैदानावर खेळत असता हा मुलगा घरात पडून पुस्तके वाची. जॉन बनियन याचे यात्रेकरूच्या प्रवासाचे प्रसिद्ध रूपक त्याने पुनःपुन्हा वाचले. पापाचे ओझे पाठीवर घेऊन चाललेला मनुष्य त्याच्या मनात तेव्हापासून जो शिरला, तो पुढे कधी निघाला नाही.

या सालेम गावाशी आपल्या महाराष्ट्राचाही एक धागा जुळलेला आहे. ता. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी तेथील टॅबर्नॅकल मंदिरात पाच तरुणांस परदेशी सुवार्तेच्या कार्यासाठी दीक्षा देण्यात आली. त्यांपैकी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले, आणि त्यांच्या हातून अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला गेला. ती दीक्षा झाली तेव्हा हॉथॉर्न सात वर्षांचा होता व त्याच गावात राहत होता. ज्या मंडळीतून हे मिशनरी आले, ती न्यू इंग्लंडच्या प्यूरिटन लोकांची वंशज होती. त्या परंपरेच्या गुणांची फळे आपल्या प्रांतातील अनेक शाळांनी चाखली आहेत. म्हणूनच तिच्या दोषांची कथाही आपण परक्याची म्हणून ऐकू नये.

प्यूरिटन लोक इंग्लंडातून अटलांटिक महासागर ओलांडून सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात न्यू इंग्लंडात आले. आपल्या समजुतीप्रमाणे देवाची शुद्ध उपासना करता यावी, एवढ्यासाठी त्यांनी देश सोडला. ते कष्टाळू होते, सत्यप्रिय होते, विद्येचे भोक्ते होते. बॉस्टनची वस्ती होऊन सुमारे सहा वर्षे झाली तोच, १६३६ साली, त्यांनी हार्वर्ड विद्यालयाची स्थापना केली. परंतु ज्या स्वातंत्र्यासाठी त्यांनी समुद्र ओलांडला, ते स्वातंत्र्य दुसऱ्यास देण्यास मात्र ते राजी नव्हते. आपला गाव म्हणजे देवाचे राज्य, असे मानल्यावर तेथे घडलेले पाप हा साऱ्या गावाविरुद्ध अपराध ठरू लागला, आणि त्याची शिक्षाही साऱ्या गावासमक्ष होऊ लागली. बाजाराच्या चौकात खोडा असे. त्यात मान व हात अडकवून अपराध्यास उभे करीत आणि आबालवृद्ध त्याच्या तोंडाकडे पाहत. कोणास गाडीच्या मागे बांधून फटके मारीत फिरवीत. सातव्या आज्ञेचा भंग करणाऱ्याने वस्त्रावर त्या पापाचे आद्याक्षर शिवून ते सर्वांस दिसेल असे वागवावे, असाही कायदा तेथे होता.

हॉथॉर्नच्या कुळाचा मूळ पुरुष विल्यम हॅथॉर्न हा १६३० च्या सुमारास अमेरिकेत आला. तो शूर सरदार, वजनदार सभासद व कडक न्यायाधीश होता. क्वेकर पंथाच्या निरुपद्रवी लोकांचा त्याने फार छळ केला. ॲन कोलमन नावाच्या एका क्वेकर स्त्रीस गावोगाव फटके मारीत नेण्याचा हुकूम त्याचाच. त्याचा मुलगा जॉन हॅथॉर्न हाही न्यायाधीश झाला, आणि १६९२ साली सालेम येथे जो भयंकर प्रकार घडला त्यात त्याने पुढाकार घेतला. काही मुलींस झटके येऊ लागले व अमक्या तमक्या बायका आम्हांवर चेटूक करतात असे त्या सांगू लागल्या. शंभराहून अधिक माणसे तुरुंगात पडली. चौदा स्त्रिया व पाच पुरुष मिळून एकोणीस जणांस फाशी दिले; गाइल्स कोरी नावाचा वृद्ध शेतकरी न्यायासनासमोर उत्तर देईना म्हणून त्याच्या अंगावर दगड रचून त्यास चिरडून मारले; कित्येक तुरुंगातच मेले. जॉन हॅथॉर्न आरोपींची तपासणी करी, आणि त्याचे प्रश्न असे असत की, समोरची स्त्री अपराधी आहे हे त्याने आधीच ठरविले आहे असे वाटावे.

ती लाट ओसरल्यावर लोकांचे डोळे उघडले. त्या न्यायाधीशांपैकी सॅम्युएल स्यूअल याचे मन त्यास खाऊ लागले. १६९७ च्या जानेवारीत सार्वजनिक उपवासाचा दिवस पाळण्यात आला, त्या दिवशी त्याने आपली लेखी पापकबुली पाळकांच्या हाती दिली आणि ती वाचली जात असता भर मंदिरात तो सर्वांसमक्ष उभा राहिला. तो दोष व ती लज्जा त्याने आपल्या माथी घेतली. त्याच न्यायासनावर त्याच्याबरोबर बसलेला जॉन हॅथॉर्न १७१७ पर्यंत जगला. त्याने मात्र असा पश्चात्ताप कधीही प्रकट केला नाही. जे त्याने केले नाही ते करण्याचे काम त्याच्या पणतूच्या मुलाकडे आले, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही. आपला नॅथॅनिएल हा त्याचाच वंशज.

१८२१ साली नॅथॅनिएल मेन संस्थानातील बोडन कॉलेजात दाखल झाला. तेथे तो फार हुशार विद्यार्थी म्हणून गाजला नाही. पत्ते खेळल्याबद्दल त्यास एकदा दंडही झाला व त्याची बातमी त्याच्या आईस कळविण्यात आली. परंतु तेथे त्यास जन्माचे मित्र लाभले. पुढे कवी म्हणून विख्यात झालेला लाँगफेलो हा त्याचा सहाध्यायी होता. पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेला फ्रँकलिन पिअर्स एक वर्ष पुढे होता. आणि होरेशिओ ब्रिज नावाचा मित्र तर त्यास भावासारखा होता. १८२५ साली पदवी घेऊन तो सालेमला परतला, आणि सुमारे बारा वर्षे त्याने घरातील एका खोलीत बसून वाचन व लेखन केले. याच सुमारास त्याने आपल्या आडनावात डब्ल्यू हे एक इंग्रजी अक्षर घालून हॅथॉर्नचे हॉथॉर्न केले. त्या कठोर न्यायाधीशांपासून आपले नाव थोडे तरी निराळे दिसावे म्हणून त्याने हे केले, असे पुष्कळांचे अनुमान आहे. पण एका अक्षराने कुळ बदलत नाही, हे त्याच्याइतके कोणास ठाऊक होते? नाव बदलून तो स्वस्थ बसला नाही. ज्या जुन्या कागदपत्रांत त्याच्या पूर्वजांची कृत्ये नोंदलेली होती, तेच त्याने वाचण्यास घेतले.

त्याची पहिली कादंबरी १८२८ साली त्याने स्वखर्चाने व नाव न घालता छापली. पुढे ती त्यासच आवडेना, म्हणून मिळतील तितक्या प्रती त्याने नष्ट केल्या. नंतर तो मासिकांत व वार्षिकांत लहान गोष्टी लिहू लागला. त्यांपैकी एका गोष्टीत इल्ब्राहिम नावाचा क्वेकर मुलगा आहे. त्याच्या बापास प्यूरिटन लोकांनी फाशी दिले आहे व आई रानोमाळ भटकत आहे. एक दयाळू प्यूरिटन जोडपे त्यास घरी नेते. परंतु गावची मुले त्यास शिव्या देतात व मारतात. त्या मुलांतील एकाची इल्ब्राहिमने आजारात प्रेमाने शुश्रूषा केलेली असते. मारहाण चालू असता तोच मुलगा त्यास विश्वासाने जवळ बोलावतो, आणि जवळ येताच त्याच्या तोंडावर काठी मारतो. इल्ब्राहिमचे शरीर बरे होते, पण मन त्या घावातून उठत नाही. वडील माणसे ज्याचा द्वेष करतात त्याचा द्वेष करणे हे मुलांस पुण्य वाटू लागते. ही गोष्ट हॉथॉर्नने येथे जशी दाखविली आहे तशी फार थोड्यांनी दाखविली असेल.

दुसऱ्या एका गोष्टीत एक सौम्य पाळक एके रविवारी तोंडावर काळा पडदा घेऊन मंदिरात येतो. तो पडदा तो पुढे जन्मभर काढीत नाही. वाग्दत्त वधूने विनवले तरी काढीत नाही, आणि मृत्युशय्येवरही काढू देत नाही. लोक भितात, दूर सरतात, त्याचे कोणते पाप असेल याची कुजबुज करतात. परंतु प्रत्येकाच्या तोंडावर न दिसणारा असाच एक पडदा आहे, याचा विचार कोणी करीत नाही. वाचणारास प्रथम त्या पाळकाची उत्सुकता वाटते, आणि शेवटी स्वतःची भीती वाटते.

१८३७ साली या गोष्टींचा संग्रह प्रसिद्ध झाला. नुकसान आल्यास भरून देईन, अशी हमी ब्रिज याने हॉथॉर्नच्या नकळत प्रकाशकास दिली होती. पुस्तकाची वाहवा झाली. पण वाहवेने चूल पेटत नाही. म्हणून हॉथॉर्नने काही काळ बॉस्टनच्या जकातघरात नोकरी केली. ता. ९ जुलै १८४२ रोजी सोफाया पीबडी या सुशील व चित्रकलानिपुण स्त्रीशी त्याचा विवाह झाला. त्यांचा संसार गरिबीचा पण अत्यंत सुखाचा होता. पुढे त्यास सालेमच्या जकातघरात तपासनीसाची जागा मिळाली. १८४९ साली राज्यकारभार दुसऱ्या पक्षाच्या हाती गेला व त्याची नोकरी गेली. विरोधकांनी वर्तमानपत्रांतून त्याजवर आरोप केले. ज्या गावात त्याच्या पूर्वजांनी इतरांस चव्हाट्यावर आणले होते, त्याच गावात आता तो स्वतः चव्हाट्यावर आला. त्याच उन्हाळ्यात त्याची आई वारली. घरात पत्नी व दोन लहान मुले. सोफायाने घरखर्चातून शिल्लक ठेवलेल्या पैशांवर व मित्रांनी वर्गणी करून पाठविलेल्या रकमेवर ते दिवस निघाले. अपमान, शोक व दारिद्र्य ही तिन्ही एकाच वेळी घरात असता त्याने आपला सर्वोत्तम ग्रंथ लिहिण्यास घेतला.

हा ग्रंथ म्हणजे १८५० च्या मार्चात प्रसिद्ध झालेली ‘दि स्कार्लेट लेटर’, अर्थात ‘किरमिजी अक्षर’, ही कादंबरी. कथा सतराव्या शतकाच्या मध्याची, बॉस्टन गावची. हेस्टर प्रिन नावाच्या स्त्रीचा पती दूर देशी बेपत्ता असता तिला मूल होते. न्यायाधीश तिला शिक्षा देतात की, तिने तान्ही मुलगी कडेवर घेऊन तीन तास चौकातील चौथऱ्यावर उभे राहावे आणि पापाचे द्योतक असे लाल अक्षर जन्मभर छातीवर वागवावे. मुलीच्या बापाचे नाव सांग म्हणून तिला वारंवार बजावतात. ती सांगत नाही. तिला नाव सांगण्याचा उपदेश करण्याचे काम डिम्सडेल या तरुण पाळकावर येते, आणि तोच त्या मुलीचा बाप असतो! हेस्टरचा वृद्ध पतीही त्याच दिवशी गावात येऊन पोहोचतो. तो वैद्याच्या वेषात, चिलिंगवर्थ असे नाव घेऊन राहतो, पाळकाच्या घरात शिरतो आणि त्याच्या दुखऱ्या मनास रात्रंदिवस टोचीत बसतो.

पुढील सात वर्षांची ही कथा आहे. हेस्टरचे पाप सर्वांस ठाऊक. म्हणून तिला लपविण्यासारखे काही उरत नाही. गावाबाहेरच्या झोपडीत राहून ती शिवणकाम करते, आजाऱ्यांची सेवा करते, गरिबांस अन्न देते व त्यांच्याच शिव्या मुकाट्याने सोसते. हळूहळू लोक तिच्या छातीवरील अक्षराचा अर्थच बदलून टाकतात. ते पापाचे नव्हे, तिच्या कर्तृत्वाचे अक्षर आहे, असे म्हणू लागतात. पाळकाचे पाप कोणास ठाऊक नाही. तो व्यासपीठावरून पापाविषयी जितके कळवळून बोलतो तितके लोक त्यास अधिक साधू समजतात, आणि ते त्यास जितके साधू समजतात तितका तो आतून अधिक जळतो. एकदा मध्यरात्री तो त्याच चौथऱ्यावर जाऊन उभा राहतो. परंतु तेथे पाहण्यास कोणी लोक नसल्यामुळे ती पापकबुली नव्हे, पापकबुलीचे नाटक होते. शेवटी एका उत्सवाच्या दिवशी, भरगर्दीत, तो हेस्टरचा व मुलीचा हात धरून दिवसाढवळ्या त्या चौथऱ्यावर चढतो, आपला अपराध उघड सांगतो आणि तेथेच प्राण सोडतो. वैरासाठी जगणाऱ्या चिलिंगवर्थास आता जगण्याचे कारण उरत नाही. तोही वर्षाच्या आत मरतो. हेस्टर परदेशी जाऊन पुष्कळ वर्षांनी परत येते आणि कोणी सक्ती केली नसता ते अक्षर पुन्हा आपल्या छातीवर लावते.

कथेचा शेवट हॉथॉर्नने पत्नीस वाचून दाखविला तेव्हा त्याचा कंठ दाटून आला, आणि सोफाया तर डोके दुखू लागून अंथरुणास खिळली. पहिल्या आवृत्तीच्या अडीच हजार प्रती थोड्याच दिवसांत संपल्या. या ग्रंथात हॉथॉर्नने पापास पुण्य म्हटलेले नाही; हेस्टरने व पाळकाने केले ते बरे केले, असे तो कोठेही सुचवीत नाही. मग त्यात सर्वांत मोठा पापी कोण? चौथऱ्यावर उभी असलेली स्त्री नव्हे, भित्रा पाळकही नव्हे. दुसऱ्याच्या अंतःकरणाचा पवित्र गाभारा थंड डोक्याने उकरणारा तो वैद्य. आणि चौथऱ्याखाली उभे राहून टक लावून पाहणारी गर्दी? तिच्या छातीवर कोणी अक्षर शिवले नाही, एवढाच तिच्यात व हेस्टरमध्ये भेद. विल्यम व जॉन हॅथॉर्न हे अशाच गर्दीच्या माथ्यावर, न्यायासनावर बसले होते. या कादंबरीच्या प्रस्तावनेत हॉथॉर्नने त्यांचा उघड उल्लेख केला, त्यांच्या कृत्यांची लज्जा आपण आपल्यावर घेतो असे लिहिले, आणि त्यांमुळे कुळास शाप लागला असेल तर तो दूर व्हावा अशी प्रार्थना केली. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी स्यूअलने मंदिरात उभे राहून जे केले, तेच हॉथॉर्नने छापील पानावर उभे राहून केले.

पुढच्याच वर्षी, १८५१ मध्ये, त्याने सात शिखरांच्या घराविषयी दुसरी कादंबरी लिहिली. एक श्रीमंत प्यूरिटन गरीब शेजाऱ्याच्या जमिनीवर डोळा ठेवून त्यास चेटक्या ठरवितो व फाशी देववितो. ती जमीन आणि ते पाप दोन्ही त्याच्या वंशजांस पिढ्यान्पिढ्या भोगावी लागतात. शेवटी दोन्ही कुळांतील तरुण मुले एकमेकांशी विवाह करतात तेव्हाच ते वैर संपते.

हॉथॉर्नच्या चरित्रात सर्वच उजळ आहे असे नाही, आणि त्याच्या शिष्याने तरी ते झाकू नये. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागात लक्षावधी निग्रो स्त्रीपुरुष गुलामगिरीत होते. १८५२ साली आपला मित्र पिअर्स अध्यक्षपदासाठी उभा राहिला असता हॉथॉर्नने त्याचे चरित्र लिहिले. त्यात गुलामगिरी ही वाईट असली तरी मनुष्यांनी ती मोडण्याची घाई करू नये, ईश्वरी योजनेने ती आपोआप नाहीशी होईल, असा अभिप्राय दिला. पिअर्स निवडून आला व हॉथॉर्नला इंग्लंडात लिव्हरपूल येथे अमेरिकन वकिलाची मोठ्या प्राप्तीची जागा मिळाली. गुलामगिरी आपोआप नाहीशी झाली नाही. चार वर्षांच्या रक्तपातानंतर १८६५ साली ती कायद्याने बंद झाली. ज्याला दीडशे वर्षांपूर्वीचा दोष इतका स्वच्छ दिसला, त्याला आपल्या काळचा दोष अंधुक दिसला. पूर्वजांच्या पापापेक्षा आपल्या पिढीचे पाप ओळखणे किती कठीण असते, याचे हे उदाहरण आहे. आणि ते अशा मनुष्याचे आहे की, ज्याच्याहून आपण अधिक डोळस आहो असे म्हणण्याचे धाडस कोणी सहसा करू नये.

इंग्लंडातील त्याच्या वास्तव्यातील दोन प्रसंग सांगण्यासारखे आहेत. डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन या थोर पंडिताने तरुणपणी, बाप आजारी असता, बाजारातील पुस्तकांच्या दुकानावर जाऊन बसण्याचे गर्वाने नाकारले होते. ती गोष्ट त्याच्या मनात सलत राहिली, आणि म्हातारपणी, देशभर कीर्ती झाल्यावर, तो यूटॉक्सेटर गावच्या त्याच बाजारात भरपावसात उघड्या डोक्याने उभा राहिला. ही गोष्ट हॉथॉर्नने १८४२ साली मुलांच्या पुस्तकात सांगितली होती. इंग्लंडास गेल्यावर तो मुद्दाम वाट वाकडी करून त्या गावी गेला व जॉन्सन कोठे उभा राहिला असेल तो चौक त्याने शोधला. दुसऱ्याने उभे केलेली लज्जा व स्वतः होऊन पत्करलेली लज्जा यांत जे अंतर आहे, ते त्यास त्या एका चौकात दिसले असावे.

दुसरा प्रसंग १८५६ मधील. लिव्हरपूलजवळील एका अनाथगृहाची पाहणी करण्यास तो काही मंडळींबरोबर गेला होता. तेथे सुमारे सहा वर्षांचे, अंगावर पुरळ उठलेले, डोळे लाल झालेले, किळस यावी असे एक मूल त्याच्या मागे मागे येऊ लागले व मला उचलून घ्या म्हणून हात पसरू लागले. हॉथॉर्न स्वभावाने लाजाळू. परक्या मनुष्याच्या स्पर्शानेही तो संकोचे. तरी त्याने ते मूल उचलले, कुरवाळले व मग खाली ठेवले. तसे न करता तर आपण स्वतःस कधीही क्षमा केली नसती, असे त्यास वाटले. पुढे १८६३ साली इंग्लंडविषयीच्या पुस्तकात हा प्रसंग लिहिताना त्याने ते कृत्य मंडळींतील दुसऱ्याच एका गृहस्थाचे म्हणून सांगितले. ते गृहस्थ म्हणजे तो स्वतःच, हे त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या टिपणवह्यांवरून लोकांस कळले. पूर्वजांचा दोष ज्याने आपल्या नावावर लिहून घेतला, त्याने आपले सत्कृत्य दुसऱ्याच्या नावावर लिहिले.

इटलीत काही काळ राहून १८६० साली तो स्वदेशी काँकर्ड येथे परतला. यादवी युद्धाच्या काळात पिअर्स लोकांस अत्यंत अप्रिय झाला होता. तरी मित्रास सोडणे हॉथॉर्नला जमले नाही, आणि आपले शेवटचे पुस्तक त्याने त्यासच अर्पण केले. प्रकृती ढासळली तेव्हा पिअर्सच त्यास हवापालटासाठी घेऊन गेला, आणि ता. १९ मे १८६४ रोजी प्लिमथ येथील एका खाणावळीत हॉथॉर्न झोपेतच मरण पावला. काँकर्डच्या स्मशानभूमीत त्याचा देह ठेवला तेव्हा लाँगफेलो व इमर्सन यांसारखी माणसे त्यास पोहोचवावयास आली होती. ज्या पाळकाने बावीस वर्षांपूर्वी त्याचा विवाह लावला होता, त्यानेच अंत्योपासना चालविली.

त्याची धाकटी मुलगी रोझ तेव्हा तेरा वर्षांची होती. अनाथगृहातील त्या मुलाचा प्रसंग तिने पुढे वाचला व तो तिच्या मनात घर करून राहिला. प्रौढपणी ती रोमन कॅथॉलिक मंडळीत गेली. कर्करोग स्पर्शाने जडतो अशा समजुतीने लोक त्या रोग्यांस घराबाहेर काढीत, त्या काळी, १८९६ साली, न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत खोल्या भाड्याने घेऊन तिने निराधार व असाध्य अशा कर्करोग्यांची शुश्रूषा आरंभिली. त्या कामासाठी तिने भगिनींचा एक संघ स्थापिला, आणि १९२६ साली मरेपर्यंत ती त्यातच राहिली. न्यायाधीश हॅथॉर्नच्या घरापासून या रुग्णगृहापर्यंत दोनशे वर्षांचे अंतर आहे; मधला पूल हॉथॉर्नने बांधला.

आता सालेमच्या कथेचा शेवट सांगून लेखणी आवरतो. १७११ साली तेथील सरकारने दोषी ठरलेल्यांपैकी पुष्कळांची नावे निर्दोष केली. पुढेही आणखी काहींची झाली. एलिझाबेथ जॉन्सन नावाची एक तरुणी मात्र राहून गेली होती. तिला मृत्यूची शिक्षा झाली होती. पण ती अमलात आली नाही. तिला मूलबाळ नसल्यामुळे तिच्यासाठी गाऱ्हाणे करणारे वंशज नव्हते. अखेर मॅसॅच्युसेट्समधील एका शाळेच्या आठवीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या शिक्षिकेच्या मार्गदर्शनाखाली जुने कागद वाचले, कायदेमंडळास पत्रे लिहिली, आणि २०२२ साली, म्हणजे तीनशेहून अधिक वर्षांनी, तिचे नाव निर्दोष ठरले.

विद्यार्थिमित्रहो, ती मुले तुमच्याच वयाची होती. तुमच्या वर्गातही कधी कोणाचे पेन नाहीसे होते, कोणाच्या घरची गोष्ट कुजबुजीने पसरते, आणि मग सर्वांची बोटे एकाकडे वळतात. आम्हां शिक्षकांच्या व आईबापांच्या हातूनही, पुरता शोध न करता एखाद्या मुलास सर्वांसमक्ष उभे करण्याचा अपराध घडतो. प्रस्तुत लेखकाच्या हातून तो घडला आहे, आणि दुसऱ्या दिवशी खरी गोष्ट कळल्यावर ज्या वर्गासमोर त्या मुलास उभे केले होते, त्याच वर्गासमोर त्याची क्षमा मागताना जीभ किती जड होते, हेही त्याने अनुभवले आहे. तथापि ते केल्यावाचून गत्यंतर नव्हते. पापाची लाज वाटावी हे योग्यच आहे. परंतु दुसऱ्यास ती वाटावी म्हणून चौथरा बांधण्यापेक्षा, आपली आपल्यास वाटली म्हणजे त्या चौथऱ्यावर आपण होऊन चढण्यास अधिक धैर्य लागते. हॉथॉर्नच्या चरित्रापासून आपण एवढे शिकलो, तर त्याने जुन्या कागदांच्या धुळीत घालविलेली ती बारा वर्षे आपल्याही उपयोगी पडली असे होईल.